ग्रुस आन टेप्लिट्झ : झुकल्या मानेचा सुगंधी गुलाब

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात वनाधिकारी असलेल्या रुडॉल्फ गेशविंड यांनी संकरातून सिद्ध केलेला हा झुडपी गुलाब जर्मनीतील ट्रिअर येथील पेटर लाम्बर्ट यांनी १८९७ मध्ये बाजारात आणला. नावाचा अर्थ 'टेप्लिट्झला अभिवादन'. टेप्लिट्झ म्हणजे बोहेमियातील उष्ण झऱ्यांचे गाव, आजचे चेक प्रजासत्ताकातील तेप्लित्से. याचे वर्गीकरण कोणी बूर्बाँ गुलाबांत करतो, तर कोणी चिनी संकरांत. बागेला त्या वादाचे सोयरसुतक नाही; मात्र वर्षातून अनेकदा बहरण्याचा गुण चिनी वंशातूनच आला, एवढे निश्चित.

फूल मध्यम आकाराचे, गर्द किरमिजी. सुगंध दाट आणि किंचित मसालेदार. कोवळी पालवी तांबूस-जांभळी. देठ नाजूक असल्याने उमललेले फूल मान टाकते, म्हणून फुलदाणीसाठी ते निरुपयोगीच. याउलट हारांसाठी व सुट्या फुलांसाठी भारतात या जातीची लागवड होत आली आहे. झाड पुरुषभर वाढू दिले, तर झुकलेली फुले थेट पाहणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर येतात आणि दोषाचा गुण होतो.

गोव्यात खरा प्रश्न पावसाचा. जांभ्या जमिनीत पाण्याचा निचरा बरा होतो. तरीही वाफा उंच करावा आणि झाडाला निदान सहा तास ऊन मिळेल अशी मोकळी जागा निवडावी. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, थंडीत भुरी येते. गळलेली पाने उचलून नष्ट करावीत. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी करावी, पण हलक्या हाताने. हा वाढणारा झुडूपगुलाब आहे. गुडघ्यापर्यंत छाटला तर त्याचे रूपच हरवते. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुले येतात. सुकलेले फूल खालच्या एक-दोन पानांसह वेळीच खुडले, की पुढचा बहर लवकर धरतो.

पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी लावली, तरी ती सहज मुळे धरते. अशा झाडाला रानटी खुंटाचे फुटवे येण्याची भीती नसते. डोळा भरलेल्या झाडाचे मात्र जोडाखालून आलेले फुटवे मुळापासून काढावे लागतात. रोपवाटिकेत पुष्कळदा लाल गुलाब बिननावाचेच विकले जातात. तेव्हा फुलावर असलेलेच रोप घ्यावे, आणि घेण्यापूर्वी वास घेऊन पाहावा.