हंडा कुणाचा? ज्वारीची बिअर, दोन देश आणि बायकांचा पैसा

आजचा विषय बिअर. पण फ्रीजमधली नव्हे, ज्वारीची. आपण जिची भाकरी खातो ती ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि तिथे तिची बिअर शतकानुशतकं बनतेय. झुलू लोक तिला उत्श्वाला म्हणतात, बासोथो लोक जोआला.

बनते कशी ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची. मग पीठ गरम पाण्यात कालवून आंबवायचं, शिजवायचं, पुन्हा मोडाचं पीठ घालून आंबू द्यायचं आणि गाळायचं. दाटसर, आंबूस, कमी नशेची. आपल्या आंबिलीची लांबची बहीणच म्हणा ना! हे काम बायकांचं. आणि माल दोन-चार दिवसांत खराब होतो. म्हणजे लांबून आणून विकणं अवघड. पिणाऱ्याच्या जवळ जो बनवेल, धंदा त्याचा.

आता दोन देश बघू. दक्षिण आफ्रिका, आणि चहूबाजूंनी तिनेच वेढलेला चिमुकला डोंगराळ लेसोथो. बासोथो माणसं दोन्हीकडे आहेत, बिअरही तीच. पण ती लोकांपर्यंत पोहोचायची वाट अगदी वेगळी.

डर्बन हे दक्षिण आफ्रिकेतलं बंदराचं शहर. गोदीत, घरांत राबायला गावाकडून हजारो आफ्रिकी पुरुष आलेले. त्यांना बिअर विकून बायका चार पैसे कमवायच्या. १९०८ मध्ये नाताळ वसाहतीने कायदा केला, आणि त्याच्या जोरावर डर्बनच्या नगरपालिकेने ही बिअर बनवण्याचा आणि विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. नगरपालिकेची भट्टी, नगरपालिकेचे बिअर हॉल. घरी बनवली तर गुन्हा! पोलिस यायचे, हंडे उलथवायचे, बायकांना पकडून न्यायचे.

नफा कुठे गेला माहितीये? आफ्रिकी कामगारांच्या बराकींवर, आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यावर. म्हणजे माणसाला ताब्यात ठेवायचा खर्च त्याच्याच ग्लासातून वसूल! गोऱ्या करदात्याच्या खिशाला फारसा चटका नाही. ही युक्ती इतकी फायद्याची ठरली, की ‘डर्बन पद्धत’ या नावाने ती इतर शहरांनी उचलली. त्यात बहुतेक आफ्रिकी लोकांना वाइन-ब्रँडी विकत घ्यायला १९६२ पर्यंत कायद्याने बंदी. मग जाणार कुठे?

बायका गप्प बसल्या नाहीत. १९२९ मध्ये डर्बनच्या बिअर हॉलवर मोठा बहिष्कार पडला. जून १९५९ मध्ये तिथल्याच केटो मॅनर वस्तीत बायका काठ्या घेऊन बिअर हॉलमध्ये घुसल्या, आतल्या पुरुषांना हुसकावलं, बिअर ओतून दिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमचे हंडे फोडता, आणि आमच्या नवऱ्यांचा पगार तुमच्या हॉलमध्ये जिरवता? १९७६ मध्ये सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांनीही बिअर हॉल पेटवले. सरकार आपल्या बापांना दारू पाजून पैसा करतंय, हे त्यांना कळत होतं.

आता लेसोथो. इथला राजा मोशोएशो याने १८५४ मध्येच गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कडक दारूवर बंदी घातली होती. घरची जोआला मात्र त्याने सोडली. पुढे ब्रिटिश अंमल आला, पण डर्बनसारखी पद्धत काही या खेड्यांत आली नाही. पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेले, बायका मागे राहिल्या. नवऱ्याचे पैसे येतील तेव्हा येतील. तोवर मीठ, साबण, पोरांची फी? जोआला विका. शेतात खुरपणीला शेजारी बोलवायचे तरी हंडा लागायचाच.

जाहिरात कशी करायच्या? घराबाहेर उंच काठीवर पांढरं फडकं. म्हणजे आज जोआला तयार. मक्याची असेल तर पिवळं. आजही तिथल्या गावात ही फडकी दिसतात.

म्हणून लेसोथोत सगळं गोड होतं असं नाही हं. जमिनीची धूप झाली, धान्य पुरेना, ते दक्षिण आफ्रिकेतून विकत आणावं लागायचं. नफा तुटपुंजा, आणि दारूने घरं तिथेही मोडली. पण जो काही पैसा सुटायचा, तो बनवणारीच्या पदरात पडायचा. पोराच्या फीला द्यायचा की साबणाला, हे ती ठरवायची.

दारूच्या इतिहासात आपण नेहमी विचारतो, लोक किती प्यायचे? मला वाटतं, आधी विचारायला हवं: विकत कोण होतं आणि पैसा कुठे जात होता? नदीच्या एका काठावर बाई हंडा परसात पुरून लपवत होती. दुसऱ्या काठावर तशीच बाई दारात फडकं लावत होती. फरक बिअरमध्ये नव्हता, कायद्यात होता.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू!