आईचं सोयाबीन, मावशीची गोळी

परवा ठाण्यात रक्त तपासून घेतलं. एलडीएल १५२. पाळी थांबून दोन वर्षं झालीत, आकडा चढणार हे ठाऊक होतंच. डोंबिवलीला फोन केला तर आई लगेच म्हणाली, "दळणात सोयाबीन घालत जा गं. मी सोडलं आणि बघ काय झालं!"

काय झालं ते नातेवाईकांना माहीत आहेच. २००८ साली तिला हार्ट अटॅक आला, स्टेंट बसवावा लागला. त्याआधी वर्षभर तिने सोयाबीन बंद केलं होतं, कारण नातवंडांना पोळीला वास यायचा. तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देते. म्हटलं, एकदा हिशोब मांडूच.

सोयाबीन आपल्याकडे आलं ते गरिबाचं पौष्टिक अन्न म्हणून. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे प्रयोग केले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. कोलेस्टेरॉल तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. ते आलं १९९५ साली. अमेरिकेत ३८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रोटीनने एलडीएल सुमारे १३ टक्के उतरलेलं दिसलं. १९९९ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन हृदयाला चांगलं, असं पाकिटावर छापायला परवानगी दिली. त्यानंतर दोनेक वर्षांत शेजारच्या काकूंनी ते आईला सांगितलं आणि पाच किलो गव्हात अर्धा किलो भाजलेलं सोयाबीन गिरणीत जाऊ लागलं.

त्याच सुमारास न्यू जर्सीची मावशी हार्मोनची गोळी घेत होती. तर्क सरळ होता. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, एलडीएल वाढतं. मग इस्ट्रोजेन बाहेरून द्या. गोळीने लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, हेही खरंच. पण १९९८ साली हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. एलडीएल ११ टक्के उतरलं, चांगलं एचडीएल १० टक्के चढलं, आणि हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत! जुलै २००२ मध्ये १६,६०८ बायकांची दुसरी मोठी चाचणी मधेच थांबवली. अटॅक, पक्षाघात, स्तनांचा कॅन्सर, सगळंच थोडं वाढलेलं. तीच गोळी रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढवते, हे आकड्यात दिसत नव्हतं. मावशीची गोळी त्याच महिन्यात बंद झाली. अंगातून वाफा येतात त्यासाठी हार्मोन आजही विचार करून देतात, हृदय वाचवायला नाही.

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात, म्हणून त्याच्यावरही तीच आशा होती. २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळं पुन्हा तपासलं. रोज ५० ग्रॅम सोया प्रोटीन खाल्लं तर एलडीएल जेमतेम ३ टक्के उतरतं. त्या द्रव्यांचा वेगळा उपयोग नाहीच. २०१७ साली अन्न व औषध प्रशासनानेही तो दावा मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला.

आता आईचं दळण. दिवसाला पाच पोळ्या म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम पीठ. त्यात सोयाबीन अकरा ग्रॅम, प्रोटीन चारेक ग्रॅम. कुठे ५० आणि कुठे चार! सोडल्यामुळे अटॅक आला, असं म्हणायला जागाच नाही.

मी हे सगळं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग माझी रात्रीची गोळी तरी खरी का?"

ती खरी, आई. स्टॅटिनचं १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवर सिद्ध झालं, मृत्यूच ३० टक्के कमी झाले. तिथे नुसता आकडा नाही, माणसं मोजली होती.

"म्हणजे पोरांचं ऐकून मऊ पोळ्या केल्या, ते बरंच केलं म्हणायचं."

सोयाबीन वाईट नाही हो, डाळीसारखं चांगलं अन्न आहे. माझ्या दळणात मी घालेनही. पण आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, ते जास्त मोलाचं. असो. माझ्या १५२चं काय करायचं ते डॉक्टरांना विचारते.