परंड्याहून निघालेल्या वाटा

परंड्याचा इतिहास सांगू लागले की सांगणारा हटकून तोफेपाशी येतो. आमचा भुईकोट किल्ला बहामनी वजीर महमूद गवान याच्या काळचा म्हणतात. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर उरलीसुरली निजामशाही काही काळ इथूनच चालली. परंतु गावकऱ्याच्या तोंडी खरा मान मुलूखमैदान तोफेचा. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंड सिंहाच्या जबड्याचे. पुढे ती परंड्यात आली आणि १६३२ साली मुरारपंताने ती विजापूरला नेली. ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले, असे सांगतात. बैलांचा आकडा सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे वाढतो. वर्गात शिकवताना मीही तो फारसा कमी करीत नाही!

माझ्या थोरल्याला या कथेतला एकच भाग आवडतो. तोफेला बत्ती दिली की गोलंदाज आवाजाच्या भयाने शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारी, अशी आख्यायिका आहे. ती ऐकून तो दरवेळी म्हणतो, “शहाणा होता.” दिवाळीच्या चार रात्री उशीखाली डोके खुपसून काढणाऱ्या मुलाला त्या गोलंदाजाचे दुःख कळते.

माझी दोन्ही मुले स्वमग्न आहेत. थोरला चौदा वर्षांचा, धाकटी नऊची. इंग्रजीतल्या ऑटिझमला आपल्याकडे स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. मला तो पुरता पटत नाही. माझी मुले स्वतःत मग्न नसतात. थोरला एस.टी.च्या पाट्यांत मग्न असतो, धाकटी पाण्याच्या धारेत. तो आजार नव्हे; मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. आवाज, उजेड, गर्दी, कापडाचा स्पर्श हे सारे अशा मुलाला तुमच्याआमच्याहून फार अधिक किंवा फार कमी लागते. आणि ठरलेले मोडले की पायाखालची जमीन सरकते. आता हे मूल घेऊन प्रवासाला निघा पाहू! प्रवास म्हणजे तर ठरलेले मोडण्याचाच उद्योग. रोजच्या फलाटावर गाडी लागत नाही, खिडकीची जागा मिळत नाही, भोंग्यावरून कोणी कानात ओरडल्यासारखे बोलते. मूल कान झाकून खाली बसते, किंचाळते. आणि भोवती माणसे जमतात. “वळण लावलं नाही ताई,” हे एक वाक्य. दुसरे त्याहून गोड आवाजात येते: “कुणाकडं तरी ठेवून यायचं की.”

या दुसऱ्या वाक्याने मला इतिहासाकडे वळवले. तोफ कोणत्या साली कुठे गेली हे आपल्याला ठाऊक असते. पण ज्या घरात असे मूल जन्मले, ते घर वाटेला कसे लागले? मुलाला बरोबर नेले, की ठेवून गेले, की ठेवण्यासाठीच नेले? बखरकार असल्या गोष्टी लिहीत नाहीत. तरी इकडेतिकडे काही खुणा सापडतात.

सर्वांत जुनी खूण मला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात दिसते. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथात ते चक्रधरांचे गुरू आणि ईश्वरी अवतार. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून चरित्र सिद्ध केले. मराठी गद्याच्या पहिल्या लेण्यांपैकी ते एक. त्यातले प्रभू कुणाच्याही घरात शिरतात, उतरंडी उघडून पाहतात, दगडांशी बोलतात, पोरांत खेळतात, अकस्मात हसतात, अकस्मात रागावतात. एकच बोल पुनःपुन्हा बोलतात आणि मनात आले की उठून चालू लागतात. गावातली काही माणसे त्यांना वेडे म्हणत. त्याच गावाने त्यांना आईबापही मानले.

गोविंदप्रभू स्वमग्न होते असे मी म्हणत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाला आजचे निदान चिकटवणे हा इतिहासाचा धंदा नव्हे, आणि भाविकांचा त्यात उपमर्दही आहे. माझी नजर जाते ती त्यांच्या मागून चालणाऱ्यांकडे. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा अशी मंडळी रिद्धपुरी येऊन राहिली. प्रभूंना आपल्या वाटेने वळवावे असा खटाटोप त्यांनी केला नाही. प्रभू चालले की मागून चालले, थांबले की थांबले, आणि जे घडले ते ध्यानात ठेवले. एकदा प्रभूंच्या मनाने घेतले की आपले लग्न व्हावे. मंडळींनी लग्नाचा थाट मांडला आणि महदाइसेने त्या प्रसंगी धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो, तिची कविता अशी एकाचा हट्ट मोडायचा नाही म्हणून जन्माला आली! पाठ्यपुस्तकात धवळ्यांचा उल्लेख येतो, हट्टाचा येत नाही. मी वर्गात दोन्ही सांगते.

महानुभावांच्या काही स्थानी आजच्या काळातही मनाने आजारी असलेल्यांना घेऊन घरची माणसे मुक्कामाला राहत आली आहेत. त्याने आजार बरा होतो, असा माझा दावा नाही. आणि स्वमग्नता तर आजारच नव्हे. पण रुग्णाशेजारी त्याची आई किंवा बायको अंथरूण घालते, हे मी विसरू शकत नाही. कारण पुढच्या काळात सरकारने जी वाट बांधली, तिच्यावर सोबत्याला जागा नव्हती.

१९१२ साली इंग्रजांनी वेड्यांचा कायदा केला. त्यात जन्मतः मंदबुद्धी आणि मन बिघडलेला, दोघेही एकाच शब्दात घातले होते. मोकळा भटकताना दिसलेला इसम वेडा आहे असे सकारण वाटले, तर पोलिसाला त्याला ताब्यात घेता येई. भटकणे हाच संशय! परंडा तेव्हा निजामाच्या मुलखात आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरची बार्शी इंग्रजांच्या. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत ही सरहद्द होती. पण इंग्रजांचा तो कायदा थेट १९८७ चा नवा कायदा अमलात येईतो चालू राहिला.

बार्शीकडच्या माझ्या आजीला एक चुलतभाऊ होता. ती त्याची गोष्ट सांगे. बार्शी लाईट ही अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली, १९११ पर्यंत लातूरला पोचलेली. हा भाऊ रोज रुळाशी जाऊन उभा राही. कोणती गाडी किती उशिरा आली, डबे किती, हे त्याला वर्षावर्षांचे पाठ. स्टेशनातले लोकही त्याला विचारीत. त्याचे जेवणखाण घरच्यांनी कधी चुकवले नाही. लग्नकार्याला मात्र घर गाडीत बसून जाई आणि त्याला वाड्यात कोंडून जाई. कुठे उतरला, भटकला, शिपायाने धरला तर? ही भीती खोटी नव्हती, कायदाच तसा होता. ज्या गाडीचे सारे वेळापत्रक त्याच्या जिभेवर होते, त्या गाडीत तो जन्मात एकदाही बसला नाही. आजी हे हसत सांगायची. मला लहानपणीही हसू आले नाही.

साधारण त्याच काळात सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावात डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा वाढत होता. १९३७ साली, चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, डॉक्टरांच्या सल्ल्याने आईबापांनी त्याला संस्थेत ठेवले. पण पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला परत आणले आणि बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरांकडे नेले. निघण्यापूर्वी बापाने मुलाविषयी ३३ पानांचे पत्र लिहून पाठवले. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. सारे आहे तसेच राहावे ही या मुलांची तळमळ कॅनर यांनी अचूक टिपली. पुढे डोनाल्ड एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद. तर त्या भल्या माणसांनी त्याला विहिरीची खोली मोजायला लावली आणि मक्याचे तास मोजता मोजता नांगर धरायला शिकवले. आपल्याकडचा कुणी शेतकरी हेच करता. हा डोनाल्ड पुढे शिकला, बँकेत नोकरीला लागला आणि एकट्याने हिंडून त्याने ३६ देश पाहिले. २०२३ साली, ८९ व्या वर्षी तो वारला. आजीच्या भावाला आणि त्याला मी मनात एका बाकावर बसवते. दोघांत बुद्धीचा किती फरक होता हे कोण सांगणार? एकाला घराने गाडीत बसवले आणि एकाला नाही, एवढा फरक मात्र नक्की.

तिकडेही सारे असेच उजळ नव्हते. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत कितीतरी वर्षे विद्वानांत मिरवले. कॅनर यांच्या लिखाणातही त्याचे बीज होते; १९६९ साली त्यांनी आईबापांना त्या आरोपातून जाहीरपणे मुक्त केले. परंतु त्याआधी दोनच वर्षे ब्रुनो बेटेलहाइम यांनी या मुलांवर जाडजूड ग्रंथ लिहून त्याला ‘रिकामा किल्ला’ या अर्थाचे नाव दिले होते, आणि मुलाला आईबापांपासून दूर ठेवावे हा त्यांचा उपाय. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच हे मत खोडून काढले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील.

किल्ल्याला लागून राहणाऱ्या बाईला या नावाचे हसू येते. परंड्याच्या किल्ल्यात राजा नाही, शिबंदी नाही, मुलूखमैदानही गेली. म्हणून तो रिकामा का? आत मशीद आहे, जुने कोरीव दगड आहेत, विहीर आहे, उरलेल्या तोफा आहेत. बाहेरून खंदक दिसतो, एवढेच. आणि आईला दोष द्यायला आमच्या गावाला कोणाच्या ग्रंथाची गरज पडली नाही. ग्रहण पाळले नसेल, नोकरी सोडली नाही, कादंबऱ्या लिहीत बसते: यांपैकी शेवटचा आरोप तेवढा खरा आहे.

असो. एका वाटेचे सांगायचे राहिले. ती आमच्या दारावरून जाते. पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते आणि आषाढीच्या वाटेवर परंड्याला मुक्काम करते. पुढे बिटरगाव, कुर्डू, सावता माळ्याचे अरण, करकंब आणि पंढरपूर. थोरल्याला हे मुक्काम पाठ आहेत. कोणी क्रम चुकवला तर तो चारचौघांत दुरुस्त करतो, समोर विणेकरी का असेना. वारीसारख्या गर्दीत अशी मुले कशी टिकतील, असे मलाही वाटे. पण वारीची बांधणी पाहा. ठरलेली तिथी, ठरलेला मुक्काम, ठरलेली विसाव्याची जागा. आळंदीच्या पालखीला हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त लावली. तिथे कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, याचेही क्रमांक आहेत. पुढे काय होणार हे सर्वांना आधीच ठाऊक असलेली एवढी मोठी यात्रा दुसरी नसेल. कोणी नाचतो, कोणी रडतो, कोणी स्वतःशी बोलत चालतो. त्याकडे वळून पाहण्याची रीत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघे परंडा ते बिटरगाव चाललो. थोरल्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन होते, आणि टाळमृदंगापासून अर्धा फर्लांग मागे राहायचे असे ह्यांनी आधीच कागदावर चित्र काढून समजावले होते. धाकटी मध्येच रस्त्यावर बसली. नळाचे पाणी गळत होते, ते तिला पाहायचे होते. पाऊण तास! मागून आलेल्या एका म्हाताऱ्या वारकरी बाई तिच्याशेजारी टेकल्या. मुलीला काय झाले, हे त्यांनी विचारले नाही. त्याही पाणी पाहत बसल्या, मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि म्हणाल्या, “चला माउली, उन्हं वाढतील.” धाकटी उठली. का उठली, मला आजवर उलगडलेले नाही.

कागदावरचा इतिहास मात्र अगदी कोवळा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. मूल ‘मतिमंद’ लिहून घ्यावे किंवा दाखल्याविना राहावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी तयार केली. तिच्या आधारे दाखला देण्याचे नियम २०१६ मध्ये निघाले आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आली. या दाखल्यावर एस.टी.चे तिकीट पाव भागात मिळते. एकदा एका वाहकाने दाखला उलटसुलट करून विचारले, “हातपाय तर धड दिसत्यात?” थोरल्याने उत्तर दिले नाही. त्याने वाहकाला त्या गाडीचे पुढचे सगळे थांबे सांगितले, त्यातला एक वाहकाला ठाऊक नव्हता. तिकीट मिळाले.

भाऊबीज आटोपली, फटाके थंडावले, की आम्हाला पैठणला जायचे आहे. थोरल्याने पालखीच्या मुक्कामांची यादी उलटी लिहून भिंतीवर लावली आहे. धाकटीची अट एकच: खिडकी तिची.