हे कुंड कुणाचं? सलाईन व्हॅलीतल्या गरम झऱ्यांची गोष्ट

आज आपण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाणार आहोत, सलाईन व्हॅली नावाच्या दरीत. तिथं डांबरी रस्ता नाही, रेंज नाही, पेट्रोल पंप नाही. कुठूनही आलात तरी डोंगर ओलांडून, कच्च्या रस्त्यावर काही तास हाडं खिळखिळी करत उतरावं लागतं. आणि इतकं करून खाली पोचलं की समोर काय? दगड-सिमेंटात बांधलेली गरम पाण्याची कुंडं, पामची झाडं, आणि वाळवंटाच्या मधोमध हिरवळीचा एक तुकडा. आजूबाजूला तंबू आणि गाड्या लावून राहिलेली माणसं.

ही कुंडं सरकारने बांधलेली नाहीत, कुठल्या रिसॉर्टवाल्यानेही नाहीत. कॅम्पिंगला आलेल्या लोकांनी ती स्वतःच्या हाताने, सरकारी जमिनीवर बांधली. आमच्या भाषेत सांगायचं तर टिकेट नाही, अप्रूव्हल नाही, डायरेक्ट प्रॉडक्शनमध्ये! आणि मग अनेक दशकं सरकारला प्रश्न पडला की आता याचं करायचं काय. मला मात्र त्याच्या मागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ही जागा कुणाची. त्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

आधी पाणी तिथं कसं, ते पटकन सांगते. अमेरिकेचा हा भाग भूगर्भाच्या दृष्टीने ताणला जातोय. डोंगर-दरी-डोंगर-दरी अशी इथली रचना त्या ताणामुळेच झालीय. जमिनीला खोल भेगा पडलेल्या आहेत. डोंगरावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी त्या भेगांतून खाली जातं, तापतं आणि दुसरीकडून वर येतं. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला कुंडावर गेला असाल तर गरम पाणी जमिनीतून येताना पाहिलंच असेल. फरक एवढाच की इथं आसपास मैलोन्मैल प्यायला दुसरं पाणी मिळणं कठीण. वाळवंटात झरा म्हणजे मुंग्यांपासून माणसापर्यंत सगळ्यांचा पत्ता.

त्यामुळे इथं पहिला मुक्काम कॅम्पिंगवाल्यांचा असणं शक्यच नव्हतं. सलाईन व्हॅलीत शोशोनी लोक राहत होते. पश्चिमेच्या इन्यो डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या काठी त्यांची वस्ती. दरीत मेस्किटच्या शेंगा गोळा करायच्या, शरद ऋतूत डोंगरावर जाऊन पाइन नट म्हणजे चिलगोज्यासारख्या बिया आणायच्या, असा वर्षाचा क्रम. दरीच्या तळाशी खारं तळं आहे, तिथलं मीठ ते डोंगरापलीकडच्या लोकांशी देवाणघेवाणीत वापरायचे. ज्युलियन स्टुअर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये या प्रदेशातल्या जमातींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सलाईन व्हॅलीच्या लोकांची वेगळी नोंद आहे. म्हणजे 'तिथं कुणी नव्हतंच' असं म्हणायला कागदोपत्रीसुद्धा जागा नाही.

मग बाहेरची माणसं आली. आधी बोरॅक्ससाठी, नंतर मिठासाठी. आणि या मिठाची गोष्ट इतकी भन्नाट आहे की जरा थांबतेच.

मीठ उत्तम होतं, पण दरीतून बाहेर न्यायचं कसं? पश्चिमेला इन्यो डोंगराची भिंत. कंपनीने ठरवलं, डोंगरावरूनच न्यायचं. १९११ मध्ये काम सुरू झालं आणि १९१३ मध्ये रोपवे तयार झाला. लांबी साडेतेरा मैल, म्हणजे जवळपास बावीस किलोमीटर. दरीच्या तळापासून डोंगरमाथ्यापर्यंतची चढाई साधारण ७,६०० फूट. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून ५,४०० फूट, त्यावरून अंदाज घ्या. लाकडी मनोरे, लोखंडी दोर, विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि दोरावरून हेलकावत जाणाऱ्या मिठाच्या बादल्या. पलीकडे ओवेन्स तळ्याच्या काठाला मीठ उतरायचं. इंजिनिअर म्हणून हे वाचताना मी थक्क झाले, आणि लगेच पुढचं वाचून हसूही आलं, कारण धंदा काही नीट चालला नाही. रोपवे बंद पडायचा, मालक बदलायचे, पुन्हा सुरू व्हायचा. १९३० च्या दशकात कायमचा थांबला.

याच १९१३ साली लॉस एंजेलिसने ओवेन्स व्हॅलीचं पाणी कालव्याने शहराकडे वळवलं, आणि ज्या तळ्याच्या काठी मीठ उतरत होतं ते तळंच पुढे आटलं. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, नक्की करू.

या सगळ्या धामधुमीत शोशोनी कुटुंबांचं काय झालं? त्यांचा जुना क्रम मोडत गेला. लोक मजुरीसाठी गुराढोरांच्या रँचवर, खाणींवर, शेजारच्या दऱ्यांत पांगले. मागे काय राहिलं? गाढवं. खाणवाल्यांनी ओझ्यासाठी आणलेली आणि नंतर सोडून दिलेली. ती वाळवंटात मस्त रुळली, आणि झऱ्यांवर त्यांचीही वहिवाट लागली!

आता 'सरकारी जमीन' ही भानगड समजून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिमेत जवळपास निम्मी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाच्या खात्याकडे आहे, सगळे त्याला बीएलएम म्हणतात. हे खातं १९४६ मध्ये झालं. आज त्याच्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पटीहून जास्त. जी जमीन कुणी शेतीला घेतली नाही, जिथं पार्क झालं नाही, ती मुख्यतः यांच्याकडे. गावाकडचं गायरान आठवा. सातबारावर सरकार, वापरात सगळं गाव. चराई, खाणकाम, शिकार, भटकंती, सगळं तिथंच. कॅम्पिंगचा साधारण नियम असा की एका जागी चौदा दिवस राहा, मग उठा. बहुतेक ठिकाणी पैसेसुद्धा लागत नाहीत.

सलाईन व्हॅली याच खात्याकडे होती. दुर्गम, रखवालदार नाही, आणि वर गरम पाणी! १९६० च्या दशकात हिप्पी, भटके, वाळवंटवेडे लोक तिथं जमायला लागले. एकाने दगड लावले, दुसऱ्याने सिमेंट आणलं, तिसऱ्याने पाइप टाकला. कुणी पाम लावले. हे पाम तिथले मूळचे नाहीत, हे लक्षात ठेवा. भांडी घासायला जागा झाली, शेकोटीची जागा झाली, ओसंडणाऱ्या पाण्यावर हिरवळ वाढवली. कपडे घालून आंघोळ करायची की न घालता, हे ज्याचं त्याने ठरवावं असा रिवाज पडला. जवळच छोट्या विमानांसाठी मातीची धावपट्टी आहे, तिचं नाव चिकन स्ट्रिप. आणि मुख्य म्हणजे हे सगळं सांभाळण्याची शिस्त लागली. कुंडं ठरावीक वेळाने रिकामी करून घासायची. साबण पाण्यात न्यायचा नाही. कचरा आपला आपण परत न्यायचा. ओपन सोर्समध्ये कसं, काही लोक नुसतं वापरतात आणि चार-पाच मेंटेनर जीव तोडून सगळं चालू ठेवतात? तसंच. असाच एखादा तिथं महिनोन्महिने राहून सगळ्यावर लक्ष ठेवायचा, आणि पुढे सरकारनेही हे काम 'कॅम्प होस्ट' म्हणून स्वयंसेवकाकडे सोपवलं. म्हणजे बांधकामाला परवानगी नव्हती, पण राखणदाराला ओळखपत्र मिळालं!

हे वाचताना माझं मन त्या लोकांकडे झुकतं, खोटं कशाला बोलू. फुकटात मिळालेली जागा माणसं घाण करतात असं आपण गृहीत धरतो. इथं अनोळखी माणसांनी दशकानुदशकं एकत्र येऊन कुंडं घासलीत. तिकीट नाही, दंड नाही, तरीही.

मग आलं १९९४. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटांच्या संरक्षणाचं बिल ॲलन क्रॅन्स्टन या सिनेटरने १९८६ मध्ये मांडलं होतं, ते अडकत-अडकत डायन फाइनस्टाइन यांनी शेवटी पास करून घेतलं. ३१ ऑक्टोबर १९९४ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. डेथ व्हॅली, जी १९३३ पासून 'नॅशनल मॉन्युमेंट' होती, ती 'नॅशनल पार्क' झाली आणि तिच्यात तेरा लाख एकर जमीन वाढली. त्या वाढीव जमिनीत सलाईन व्हॅली होती. एका सहीने गायरानाचं अभयारण्य झालं म्हणा ना. बीएलएमचं धोरण 'सगळ्यांनी वापरा', तर पार्क सर्व्हिसचं काम 'आहे तसं जपा'. पण आहे तसं म्हणजे कसं? कुंडासकट की कुंडाशिवाय? पामसकट की पामशिवाय? (गंमत म्हणजे त्याच कायद्यात लष्कराच्या विमानांना कमी उंचीवरून उडायची मोकळीक कायम ठेवली. कुंडात निवांत पडलेल्या माणसाच्या डोक्यावरून फायटर जेट जाणं हा तिथला नेहमीचा अनुभव आहे.)

कॅम्पिंगवाल्यांना धास्ती बसली की पार्कवाले कुंडं फोडणार. त्यांनी संघटना केली, पत्रं लिहिली, आमचा वारसा वाचवा म्हणाले.

आणि इथं डेथ व्हॅलीच्या टिंबिशा शोशोनी लोकांची गोष्ट सांगायलाच हवी. १९३३ मध्ये मॉन्युमेंट झालं तेव्हा फर्नेस क्रीकला त्यांचं गाव होतं. १९३६ मध्ये त्यांना एका तुकड्यावर मातीच्या विटांची घरं बांधून दिली. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी पार्क सर्व्हिसचं धोरण झालं की ही वस्ती हळूहळू संपवायची. उन्हाळ्यात दरी इतकी तापते की कुटुंबं डोंगरावर जायची, तीही शेकडो वर्षांची रीत. मागे रिकामं दिसलेलं घर सोडून दिलंय असं धरायचं आणि पाण्याचे फवारे मारून पाडायचं. मातीची घरं ती, विरघळली. जे खातं वाळवंटात माणसांचं बांधकाम नको म्हणत होतं, त्याने पहिली कारवाई कुणावर केली ते बघा.

लोक तरीही हलले नाहीत. १९८३ मध्ये जमातीला केंद्र सरकारची अधिकृत मान्यता मिळाली. पॉलीन एस्टेव्हेस या त्यांच्या नेत्या अनेक वर्षं लढत राहिल्या. आमच्या घराला 'मृत्यूची दरी' कसलं म्हणता, हाही त्यांचा आक्षेप होता. १९९४ च्या कायद्यातच तरतूद होती की जमातीसाठी योग्य जमीन कुठली ते शोधा, आणि नोव्हेंबर २००० मध्ये वेगळा कायदा होऊन त्यांना साधारण ७,७०० एकर जमीन मिळाली. त्यातली फक्त ३१४ एकर फर्नेस क्रीकला, बाकी पार्कच्या बाहेर इकडेतिकडे. सलाईन व्हॅलीतला तुकडा त्यात नव्हता. तिथले झरे मात्र टिंबिशा आजही पवित्र मानतात, आपल्या पूर्वजांची जागा मानतात.

आता एकाच झऱ्यावर तीन जण उभे आहेत. एक म्हणतो हे देशाचं, दुसरा म्हणतो आम्ही पन्नास वर्षं सांभाळलं म्हणून आमचं, तिसरा म्हणतो तुमची पन्नास वर्षं सुरू व्हायच्या आधी इथून आम्हाला कुणी उठवलं ते आधी सांगा.

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या यादीसाठी साधारण पन्नास वर्षांचा निकष लावतात. तो मिठाचा रोपवे १९७४ मध्ये त्या यादीत गेला. एकेकाळी डोंगर खरवडून उभारलेला कारखान्याचा सांगाडा आज संरक्षित वारसा आहे. त्याच न्यायाने हिप्पींच्या कुंडांनाही आता वय आहे. पण मेस्किटच्या झाडाखाली बसून शेंगा कुटणाऱ्या बाईने मागे सिमेंट ठेवलं नाही. हा निकष बांधून ठेवणाऱ्याला सोपा जातो आणि हलक्या पावलाने राहणाऱ्याला अवघड. माझा कॅम्पिंगवाल्यांशी वाद आहे तो एवढ्याच मुद्द्यावर. त्यांची मेहनत खरी आहे, पण ज्या 'कुणाच्याही नसलेल्या' जागेवर त्यांनी ती केली, ती तशी आपोआप झालेली नव्हती.

पार्क सर्व्हिसने बरीच वर्षं घेऊन या झऱ्यांसाठी आराखडा केला. मसुदा २०१८ मध्ये आला, अंतिम अहवाल २०१९ मध्ये. कुंडं पाडली नाहीत. गाढवं हलवण्यासाठी २०१८ मध्येच एका बचाव संस्थेशी करार झाला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाचा पाऊस असा कोसळला की अख्खं पार्क जवळपास दोन महिने बंद होतं, रस्ते वाहून गेले.

कुंडांच्या वरच्या अंगाला, कच्च्या रस्त्याने आणखी थोडं पुढे, तिसरा झरा आहे. त्याला कुणी सिमेंट लावलेलं नाही, पाइप टाकलेला नाही. गाढवांनी तुडवू नये म्हणून भोवती कुंपण आहे, बस. आत गवत, चिखल आणि शांतपणे वर येणारं कोमट पाणी.

चला, आज इथंच थांबू. तुमच्या गावात सातबारावर एक नाव आणि वापरात दुसरंच, अशी एखादी जागा असेल तर खाली लिहा. वाचते मी सगळं.