सूक्ष्मतरंगांचे प्राण्यांच्या हृदयावरील परिणाम

सुमारे ३०० मेगॅहर्ट्‌झ ते ३०० गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या, म्हणजे १ मी. ते १ मिमी. तरंगलांबीच्या, विद्युत्‌ चुंबकीय तरंगांना सूक्ष्मतरंग म्हणतात. १९४० मध्ये इंग्लंडमध्ये पोकळी मॅग्नेट्रॉन तयार झाल्यावर रडारसाठी त्यांचा शक्तिमान उद्‌गम उपलब्ध झाला व रडारजवळ काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित झाला. हृद्‌स्नायूंचे आकुंचन विद्युत्‌ आवेगांनी नियंत्रित होत असल्याने हृदयाकडे विशेष लक्ष वेधले गेले. सूक्ष्मतरंगांनी ऊतक तापते, हे निर्विवाद आहे. तापण्याव्यतिरिक्त त्यांचा हृदयावर काही परिणाम होतो काय, हा मुख्य वादविषय आहे.

या प्रश्नाच्या उत्तरावर सुरक्षा मर्यादा अवलंबून होती. उष्णता हाच धोका मानून अमेरिकेत १९६६ मध्ये दर चौ. सेंमी.स १० मिलिवॉट ही मर्यादा स्वीकारण्यात आली. सोव्हिएट संघातील मर्यादा हिच्या हजारांश, म्हणजे १० मायक्रोवॉट होती. सोव्हिएट शास्त्रज्ञ प्रेसमन व लेव्हिटिना यांना सशांवरील प्रयोगांत, शरीराच्या ज्या भागावर प्रारण पडेल त्यानुसार हृद्‌स्पंदाचा वेग मंद किंवा जलद झालेला आढळला होता. अमेरिकेत कॅप्लन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सशांवरील प्रयोगांत मात्र अल्प तीव्रतेस असा फरक दिसून आला नाही.

याच सुमारास बेडकाचे हृदय वादाच्या केंद्रस्थानी आले. फ्राय व सायफर्ट यांनी १९६८ मध्ये शरीराबाहेर काढलेल्या, धडधडत असलेल्या हृदयावर १·४२५ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे सूक्ष्मतरंग स्पंदरूपाने सोडले. विद्युत्‌ हृल्लेखातील प-तरंगानंतर २०० मिलिसेकंदांनी स्पंद दिला असता हृदयाचा वेग वाढला व काही वेळा लय बिघडली. परंतु १९७५ मध्ये क्लॅपमन व केन यांना अशाच प्रयोगात हा परिणाम मिळाला नाही.

यूटा विद्यापीठातील संशोधकांना १९७६ च्या सुमारास कासवाच्या हृदयात निराळाच प्रकार दिसला. ९६० मेगॅहर्ट्‌झच्या प्रारणाने हृदयाचा वेग मंदावला. केवळ ऊब दिल्यास तो वाढावयास हवा होता. म्हणून हृदयातील तंत्रिकाग्रांतून रासायनिक द्रव्ये स्रवत असावीत, असा तर्क करण्यात आला. यी, चाऊ व गाय यांनी १९८४ मध्ये स्पंद मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली. विद्युदग्राजवळ क्षेत्र एकवटत असल्याने मापनाचे साधनच हृदयावरील परिणामाचे कारण ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. पूर्वीच्या निष्कर्षांतील विसंगतीचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

पुढील टप्प्यात दीर्घकालीन प्रयोग झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उंदरांहून मोठ्या घुशीवर्गीय प्राण्यांना (प्रयोगशाळेतील रॅटना) ९०० मेगॅहर्ट्‌झचे प्रारण दररोज सुमारे ९ तास, दोन वर्षे देण्यात आले. सर्वाधिक मात्रेच्या (दर किग्रॅ.स ६ वॉट) दोन गटांतील प्रत्येकी ९० नरांपैकी अनुक्रमे ५ व ६ नरांच्या हृदयात तंत्रिकावरणाचे अर्बुद आढळले, प्रारण न दिलेल्या नरांत एकही आढळले नाही. तथापि प्रारण दिलेले नर अधिक काळ जगले आणि माद्यांत व उंदरांत असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. इटलीतील रामाझिनी संस्थेनेही त्याच वर्षी नर रॅटमध्ये अशा अर्बुदांची वाढ नोंदविली. सबंध शरीराला मिळालेली ही मात्रा माणसाला दूरध्वनीपासून मिळणाऱ्या मात्रेशी सरळ ताडून पाहता येत नाही.

भारतात महानगरांपासून बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेसारख्या गावांपर्यंत भ्रमणध्वनी सेवा पोहोचल्यावर हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये मनोऱ्यांच्या प्रारणाविषयीचा अहवाल केंद्रीय दूरसंचार विभागास सादर केला. शासनाने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगॅहर्ट्‌झला ती दर चौ. मी.स ०·४५ वॉट होती. बेडूक, कासव व रॅट यांच्या हृदयांवरील प्रयोगांनी प्रश्न पूर्णपणे मिटविला नसला, तरी मात्रा, तापमान व मापनसाधन यांची नोंद नसलेल्या निष्कर्षावरून धोका अथवा निर्धोकता सिद्ध होत नाही, हे त्यांनी निश्चित केले आहे.