जाळी, रस्ता आणि पाच नळ

मातीचे धरण पाणी अडवते, पण स्वतःच्या माथ्यावरून पाणी वाहिलेले त्याला सोसत नाही. भक्कम दगडी बंधाऱ्यावरून पूर ओसंडला तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की ते खालच्या उताराची माती खरवडत नेते आणि काही तासांत भगदाड पडते. म्हणून अशा धरणाचा जीव दोन गोष्टींत असतो. पहिली म्हणजे पुराचे जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा, आणि दुसरी म्हणजे गरज पडेल तेव्हा तलाव उतरवता येईल असा तळाचा मार्ग. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे एक धरण होते. तळाचा मार्ग त्याने भंगारात गमावला आणि सांडव्याची ताकद सुटी घालवायला येणाऱ्यांच्या सोयीपायी. ३१ मे १८८९ रोजी त्याची किंमत खालच्या जॉन्सटाउन गावाने मोजली.

धरण बांधले होते राज्य सरकारने, कालव्यासाठी. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग मालवाहतुकीच्या जलमार्गाला कोरड्या दिवसांत पाणी कमी पडे, म्हणून १८३८ मध्ये काम सुरू झाले. पैशांअभावी ते मध्ये रेंगाळले आणि १८५३ मध्ये पुरे झाले. बांध ९३१ फूट लांब, ७२ फूट उंच. माती थराथराने दाबून बसवलेली, बाहेरून दगडांचे आवरण. पायथ्याशी दगडी मोरी होती आणि तीत दोन फूट व्यासाचे पाच ओतीव लोखंडी नळ. बांधकाम त्या काळच्या मानाने चांगले होते. पण त्याच सुमारास रेल्वे पिट्सबर्गपर्यंत पोचली आणि कालव्याचे दिवस संपले. १८५७ मध्ये धरण पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीकडे गेले. तिला त्याचा उपयोग नव्हता. १८६२ मध्ये मोरी ढासळून वरच्या बांधाचा काही भाग वाहून गेला. तलावात पाणी कमी असल्याने मोठे नुकसान झाले नाही. १८७५ मध्ये ही पडीक मालमत्ता काँग्रेस सदस्य जॉन रायली यांनी घेतली. त्यांच्या काळात ते पाचही नळ उपटून भंगारात विकले गेले.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ या ठेकेदाराने जागा विकत घेऊन तेथे मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. पिट्सबर्गच्या कारखान्यांचा धूर मागे टाकून डोंगरातल्या थंड हवेत उन्हाळा घालवायचा, ही कल्पना होती. सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी नावे होती. भगदाड बुजवण्यात आले, पण ते माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवत आणि लीद घालून. मोरी आणि नळ पुन्हा बसवले गेले नाहीत. तलाव भरला. काठावर बंगल्या उठल्या, शिडाच्या होड्या आणि छोट्या वाफेच्या बोटी फिरू लागल्या.

मग सोयी आल्या. बांधाच्या माथ्यावरून घोडागाड्या सहज जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फुटांनी उतरवून रस्ता रुंद केला. तलावात मुद्दाम आणून सोडलेले बास मासे पुराबरोबर निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावल्या. यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर भयंकर वाटत नाही. पण माथा खाली आला की सांडव्यातून वाहू शकणाऱ्या पाण्याची खोली तेवढी घटते, आणि जाळीत ओंडके, पालापाचोळा अडकला की उरलेली वाटही तुंबते. त्यातच दुरुस्तीची जागा खचून बांध मध्यभागी सर्वांत बुटका झाला होता. पाणी ओसंडलेच, तर ते नेमके त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून जाणार होते.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही, असे मात्र नाही. जॉन्सटाउनमधील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन यांना धरण पाहायला पाठवले. फुल्टन यांनी दोन दोष दाखवले: पाणी सोडायला तळाशी नळ नाही, आणि दुरुस्ती भक्कम नाही. नळाचा मुद्दा मोलाचा होता, कारण तलाव उतरवता येत नसेल तर पुढची कोणतीही दुरुस्ती नीट करता येत नाही. रफ यांनी धोका नसल्याचे उत्तर पाठवले. दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलण्याची मॉरेल यांची तयारीही कामी आली नाही. पुढे मॉरेल स्वतः क्लबचे सभासद झाले, पण धरण होते तसेच राहिले. १८८५ मध्ये ते वारले.

मे १८८९ च्या अखेरीस त्या डोंगरांत प्रचंड पाऊस झाला. ३१ तारखेला सकाळी तलाव झपाट्याने चढू लागला. क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर यांनी मजूर लावले. नांगर फिरवून माथ्यावर माती चढवायचा प्रयत्न झाला, दुसऱ्या टोकाला नवा चर खणायचा प्रयत्न झाला. तिथे खडक लागला. जाळ्या काढण्याचा निर्णय होईपर्यंत त्या कचऱ्याने गच्च झाल्या होत्या. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात इशारा द्यायला गेला. तारेने निरोपही गेले. पण धरण फुटणार ही आवई जॉन्सटाउनने दर पावसाळी वर्षी ऐकली होती. गाव हलले नाही. दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. चौदा मैलांची चिंचोळी दरी उतरून पाणी चार वाजून गेल्यावर गावावर आदळले. वाटेत त्याने घरे, झाडे, रेल्वेची इंजिने आणि काटेरी तारेच्या कारखान्यातला माल उचलला होता. हे सारे दगडी रेल्वेपुलाशी अडकले आणि त्या ढिगाला आग लागली. मृतांचा आकडा २,२०९ आहे. ७५० हून अधिक देहांची ओळख कधीच पटली नाही.

क्लबवर दावे झाले, पण एकालाही यश आले नाही. पूर ही दैवी आपत्ती ठरली. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १८९० च्या आरंभी तयार होता, तो प्रसिद्ध झाला १८९१ मध्ये. मूळ धरण तसेच ठेवले असते तरी या पावसात ते फुटलेच असते, असा त्याचा निष्कर्ष होता. सव्वाशे वर्षे तो प्रमाण मानला गेला. २०१६ मध्ये नील कोलमन आणि सहकाऱ्यांनी जागेची नव्याने मोजणी करून आणि पाण्याचे गणित पुन्हा मांडून तो खोडून काढला. माथा उतरवल्याने धरणाची पाणी वाहून नेण्याची क्षमता निम्म्यावर आली होती. मूळ रचना कायम असती, तर धरण त्या दिवशी तरले असते.

कायद्याची वाट वेगळी निघाली. स्वतःच्या जमिनीवर साठवलेले पाणी सुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर हलगर्जी सिद्ध न होताही मालक जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या जलाशयाच्याच खटल्यात १८६८ मध्ये कायम झाले होते. अमेरिकी न्यायालये ते नाकारत होती. जॉन्सटाउननंतरच्या काळात अनेक राज्यांनी ते स्वीकारले. आपल्याकडे दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर, १९८६ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी त्याही पुढे जाऊन दैवी आपत्तीची पळवाटच बंद केली.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, तेव्हा पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असताना तलाव भरू दिला होता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे छोटे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. बिळांनी मातीचा बांध पोखरला जातो हे खरेच, पण बिळे शोधून बुजवणे हे देखभालीचेच काम आहे. १८८९ मध्ये देव होता, २०१९ मध्ये खेकडे.

धरणाच्या काठी सहलीला जाण्यात गैर काही नाही. साउथ फोर्कचा दोष होड्यांत किंवा माशांत नव्हता. तलावाचा आनंद घेणारे वर राहत होते आणि धोका सोसणारे खाली, आणि धरणात काय बदलायचे हे फक्त वरचे ठरवत होते. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आपल्याकडे आला, पण तो प्रामुख्याने पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू होतो. गावोगावच्या त्याहून बुटक्या बांधांची राखण तो करत नाही. तिथे सांडव्यात झुडपे वाढली आहेत का, कोणी त्यात भिंत घातली आहे का, तळाचे दार शेवटचे कधी फिरवले, हे विचारणारे माणूस बांधाच्या खालच्या अंगाला राहणारेच असावे लागते.

साउथ फोर्कला आता राष्ट्रीय स्मारक आहे. बांधाची दोन टोके उभी आहेत, मधली जागा रिकामी आहे. जिथे वाफेच्या बोटी फिरत, तिथून आता आगगाडी जाते.