कॉलेजात देवाचं काय काम? महाराष्ट्रातल्या कॅथलिक कॉलेजांची दीडशे वर्षं

हर्सूलकर मंडळी, आजची पोस्ट जरा मोठी आहे. निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक प्रश्न आहे आणि तो आपल्या पोरांबद्दलचा आहे.

कॉलेज आणि धर्म हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे वर्गणी, मिरवणूक आणि डीजे. दुसरी म्हणजे "मिशनरी कॉलेज? तिथं धर्मांतर करतात" हा शेरा. पण गावाकडून आलेलं, होस्टेलच्या खोलीत एकटं पडलेलं अठरा वर्षांचं पोरगं रात्री काय विचार करतं, त्याच्या मनाचं काय चाललंय, याची जबाबदारी कॉलेजवर आहे की नाही? हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारत नाही.

कॅथलिक कॉलेजांनी मात्र तो पहिल्यापासून विचारला. त्यासाठी त्यांनी एक पदच ठेवलं. इंग्रजीत त्याला चॅप्लेन म्हणतात, पोरं सरळ 'फादर' म्हणतात. शिकवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. चॅपेलमध्ये मिस्सा करणं, विद्यार्थ्यांना शांत बसायला शिकवणं, अडचणीत असलेल्याचं ऐकून घेणं आणि सगळ्यांना बाहेर, गरिबांच्या वस्तीत घेऊन जाणं हे त्यांचं काम. हे पद महाराष्ट्रात कसं बदलत गेलं याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

भीती कुठून आली?

धर्मांतराची भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करू. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज कोर्टात गेला आणि शाळेतली मुलं धडाधड काढून घेतली गेली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. मोठा भाऊ ख्रिस्ती झालेला, धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिलेला. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढे त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मोठं वादळ उठलं. त्याच्या बाजूने उभे राहिले ते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर.

ही दोन्ही प्रकरणं प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची होती, कॅथलिकांची नव्हती. पण सामान्य माणूस हा फरक करत नाही. त्यामुळे १८६९ साली जर्मन येशूसंघीय फादरांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केलं तेव्हा ही भीती शहरात मुरलेलीच होती.

झेवियर्सचा तोडगा

येशूसंघाच्या कॉलेजांनी एक सरळ विभागणी केली. कॅथलिक विद्यार्थ्याला धर्मशिक्षण, बाकीच्यांना नीतिशिक्षण. चॅपेल होतं, पण ज्याला जायचं त्याच्यासाठी. हिंदू, पारशी, मुसलमान मुलं तिथं शिकली आणि आपापल्या धर्मात राहून बाहेर पडली.

या कॉलेजच्या बोधचिन्हावरचं लॅटिन वाक्य पिल्लांना उडायला प्रवृत्त करणाऱ्या गरुडाबद्दल आहे. गरुड पिल्लाला घरट्यातून बाहेर काढतो, कुठे जायचं ते पिल्लू ठरवतं. निदान कागदावर तरी भूमिका ही होती.

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं, मग मायदेशी पाठवलं. पुढे मुंबईत स्पॅनिश येशूसंघीय आले. त्यातले एक फादर हेन्री हेरास. १९२२ साली आले आणि इथल्या इतिहासात बुडून गेले. १९२६ मध्ये त्यांनी झेवियर्समध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. ती आजही त्यांच्या नावाने चालते. भारतीय ख्रिस्ती माणसाने युरोपातली चित्रंच का पुजावीत, हा त्यांचा प्रश्न होता. आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराला त्यांनी पाठिंबा दिला. पुण्यात राहणाऱ्या फोन्सेकांनी मरियेला इथल्या बाईच्या रूपात, साडीत रंगवलं. त्यावर चर्चमधूनच टीका झाली. म्हणजे 'हे परकं आहे' हा आक्षेप बाहेरचे घेत होते आणि 'हे फार देशी आहे' हा आक्षेप आतले घेत होते! फादर मधे उभे.

राज्यघटनेने काय ठरवलं

स्वातंत्र्यानंतर नियम स्पष्ट झाले. घटनेचं कलम २८ सांगतं की संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते देता येईल, पण कुणालाही त्याच्या संमतीशिवाय (आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय) प्रार्थनेला किंवा धर्माच्या तासाला बसवता येणार नाही. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढून चालवायचा हक्क देतं. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हा हक्क उचलून धरला आणि सोबत हेही सांगितलं की शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार नियम करू शकतं.

थोडक्यात, कॉलेज कॅथलिक राहू शकतं, पण सक्ती करू शकत नाही. आता सक्ती नाही म्हटल्यावर फादरांच्या हातात उरलं काय? हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर पुढच्या तीस वर्षांत मिळालं.

पुण्याच्या वाटेवर

नगर रोडने पुण्यात शिरलात की रामवाडी लागते. तिथं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. आपल्यातले किती तरी जण शेकडो वेळा त्याच्या जवळून गेले असतील. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथं धर्मगुरू घडवण्यासाठी सेमिनरी काढली, ती १९५५ साली पुण्याला आली. त्यातून वाढलेलं हे विद्यापीठ. इथं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात, पदव्यांना रोमची मान्यता असते. 'कॅथलिक विद्यापीठ' हा शब्द शब्दशः लावायचा तर महाराष्ट्रात तो इथं लागू पडतो.

२८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एकाच दिवशी दोन घोषणापत्रं काढली. एक शिक्षणाबद्दल, दुसरं इतर धर्मांबद्दल. दुसऱ्यात चर्चने म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. पण पुण्यात हे काम आधीच सुरू झालं होतं. गी दल्युरी हे फ्रेंच येशूसंघीय पंढरीच्या वारकऱ्यांचा अभ्यास करत होते. त्यांचा 'दि कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने काढला. मॅथ्यू लेडर्ले या जर्मन फादरांनी मराठी आत्मसात केली आणि शनिवार पेठेत स्नेहसदन उभं केलं. शनिवार पेठ! तिथं हिंदू-ख्रिस्ती संवाद चालायचा, आणि तो मराठीत.

चॅपेलमधून वस्तीकडे

दुसरा बदल विद्यार्थ्यांच्या बाजूने आला. अखिल भारतीय कॅथलिक विद्यार्थ्यांची एक संघटना आहे, 'आयकफ' नावाने ओळखली जाते, स्थापना १९२४. सुरुवातीला तिचं स्वरूप कॅथलिक पोरांनी एकत्र राहावं, श्रद्धा टिकवावी, एवढंच. मग फादर पिएर सेराक तिचे राष्ट्रीय मार्गदर्शक झाले. पोरांना घेऊन खेड्यात जायचं, कामं करायची हा त्यांचा खाक्या. १९७० साली चेन्नईजवळच्या पूनामल्ली इथं संघटनेने जाहीर केलं की आपलं काम न्याय्य समाज घडवण्याचं आहे. १९७३ मध्ये येशूसंघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये आपल्याच माजी विद्यार्थ्यांना सुनावलं की इतरांसाठी जगणारी माणसं घडवायला आम्ही कमी पडलो.

आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. म्हणजे सगळीकडे साधारण एकाच काळात वारं त्या दिशेने वाहत होतं. फरक एवढाच की एनएसएसच्या शिबिरात खड्डे खणून झाले की आपण फोटो काढतो आणि घरी येतो. येशूसंघाच्या पद्धतीत रात्री बसून स्वतःला विचारायचं असतं: आज मी काय पाहिलं? मला कशाचा राग आला? मी कुठे तोंड फिरवलं? संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात सांगितलेली ही रोजची आत्मपरीक्षणाची सवय. तिला देव मानणारा पण बसू शकतो आणि न मानणारा पण.

१५ ऑगस्ट १९९० ला, आपल्या स्वातंत्र्यदिनीच, पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांसाठी एक नियमपत्र काढलं. त्यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. प्रत्येकाचं विवेकस्वातंत्र्य पूर्ण जपावं. कॅम्पसवर इतर धर्मांचे लोक आपापल्या पद्धतीने चिंतन-प्रार्थना करत असतील तर त्याचा मान ठेवावा. आणि कॅम्पसवरच्या आध्यात्मिक कामाने अत्यंत गरीब आणि दुःखी माणसाकडे लक्ष वळवावं. १८६९ ला व्यवहार म्हणून केलेली तडजोड १९९० ला तत्त्व झाली होती.

दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे

सगळं गोडगोड नाही. आपल्या जिल्ह्यात गंगापूर-वैजापूर पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मिशनरी आले, घोगरगाव हे त्यांचं मोठं ठाणं. १९७७ साली अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथले बहुतेक कॅथलिक दलित समाजातले, शेतमजूर कुटुंबांतले. मुंबईचं इंग्रजी झेवियर्स त्यांच्यापासून किती लांब होतं हे वेगळं सांगायला नको. त्यात १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता. पुढे १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला आजही नाही. मग घोगरगावच्या पोराने फी भरायची कशी? चॅपेलमध्ये बसून हा प्रश्न सुटत नाही. चर्चच्या आतही जात शिल्लक आहे, हे दलित ख्रिस्ती कार्यकर्तेच उघड सांगत आलेत. ज्या कॉलेजला विद्यार्थ्याच्या आत्म्याची काळजी आहे त्याने त्याच्या फीची आणि जातीची पण काळजी करायला हवी. इथं ती संस्था कमी पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपण?

आता आपल्या शहराकडे या. शिकणं आणि साधना एकत्र असणं आपल्याला नवीन नाही. वेरूळ-अजिंठ्याचे विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्या-शिकण्याच्या जागा. पाणचक्कीला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी ग्रंथालय होतं, आणि तिथं राहणाऱ्यांसाठी त्या पाण्यावर दळण निघायचं. बाबासाहेबांनी १९५० साली इथं कॉलेज काढलं आणि त्याला नाव दिलं मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हा न रागावता उत्तर देणारा भिक्खू. कॉलेज कशासाठी असतं ते बाबासाहेबांनी नावातच सांगून ठेवलं. पोरांनी कसलाही प्रश्न विचारावा आणि समोर कुणीतरी ऐकणारं असावं.

ते ऐकणारं माणूस आज आपल्या कॉलेजांत आहे का? २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवरच्या एका प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, ही त्यातली एक. कोचिंग क्लास आणि होस्टेलसुद्धा त्या सूचनांच्या कक्षेत येतात.

कुणी म्हणेल, मग कॉलेजात फादर, महाराज, मौलाना, भंतेजी सगळे आणून बसवायचे का? नाही. सरकारी कॉलेजात ते शक्य नाही आणि योग्यही नाही. पण दीडशे वर्षांच्या या अनुभवातून तीन गोष्टी फुकटात घेता येतात. एक, दार उघडं ठेवा, आत ढकलू नका. दोन, ज्याच्या हातात पोराचे मार्क नाहीत अशा माणसाला ऐकायला बसवा, कारण इंटर्नल देणाऱ्या सरांजवळ पोरगं मन मोकळं करणार नाही. तीन, पोरांना सेवेला न्या आणि आल्यावर त्यांच्याशी त्याबद्दल बोला.

यासाठी क्रूस लागत नाही, घंटा लागत नाही, कलश पण लागत नाही. एक खोली, दोन खुर्च्या आणि ठरलेली वेळ लागते.

तर प्रश्न असा: हर्सूलमधून जी पोरं-पोरी शहरातल्या कॉलेजांत जातात, त्यांच्या कॉलेजात समुपदेशक नेमलाय का? त्याची खोली कुठे आहे ते पोरांना माहीत आहे का? आज रात्री घरात विचारा आणि उत्तर खाली लिहा. कॉलेजचं नाव लिहायची गरज नाही, फक्त आहे की नाही एवढं सांगा. बरीच उत्तरं 'नाही' आली तर आपण सगळे मिळून निवेदन देऊ.